लठ्ठ उमराव आणि हरवलेले विधेयक : उत्तर स्टुअर्टकालीन इंग्लिश संसदेतील कायदेकारण

१

इंग्लंडच्या सतराव्या शतकाशी आपल्यापैकी पुष्कळांची ओळख शाळा-कॉलेजच्या पुस्तकांतून झाली. त्या पुस्तकांतला क्रम ठरलेला असतो. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर परत आला. १६७९ मध्ये हेबिअस कॉर्पसचा कायदा झाला. १६८८ मध्ये दुसरा जेम्स देश सोडून पळाला. १६८९ मध्ये हक्कांचा कायदा, १६९४ मध्ये त्रैवार्षिक संसदेचा, १७०१ मध्ये वारसा ठरवणारा. एकामागून एक पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर स्वातंत्र्य थोडे वर चढलेले. या मांडणीचा सर्वांत समर्थ शिल्पकार म्हणजे मेकॉले. त्याच्या इतिहासाचे पहिले दोन खंड १८४८ साली निघाले. आज दीडशेहून अधिक वर्षांनीही त्या कथनाची पकड सैल झालेली नाही, कारण ते वाचनीय आहे आणि त्याची दिशा वाचकाला सुखावणारी आहे.

प्रस्तुत लेखाचा प्रश्न मर्यादित आहे. हे कायदे प्रत्यक्ष झाले कसे? तत्त्वाचा विजय झाला म्हणून झाले, की कामकाजाच्या रीतीत एखादी फट सापडली म्हणून? संमत कायद्यांच्या यादीवर याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी दोन्ही सभागृहांच्या नोंदवह्या, सभासदांनी खासगीत ठेवलेली टिपणे आणि मुख्य म्हणजे न झालेल्या कायद्यांचा इतिहास पाहावा लागतो. ज्युलियन हॉपिट या इतिहासकाराने १६६० ते १८०० या काळातील अयशस्वी विधेयकांची मोजदाद केल्यापासून या शेवटच्या साधनाकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. बुडालेली विधेयके पाहिली की जिन्याचे चित्र बदलते. पायऱ्यांपेक्षा घसरणी अधिक दिसू लागतात.

२

आधी रीत समजून घेऊ. विधेयकाची प्रत्येक सभागृहात तीन वाचने होत. वाचन हा शब्द तेव्हा अक्षरशः खरा होता. विधेयके सर्रास छापून वाटण्याची पद्धत नव्हती. लेखनिक मजकूर मोठ्याने वाचे आणि सभासद ऐकत. दुसऱ्या वाचनानंतर विधेयक समितीकडे जाई, तेथे कलमवार चर्चा होई, मग ते चर्मपत्रावर सुवाच्य लिहून काढले जाई आणि तिसरे वाचन होई. नंतर हीच यात्रा दुसऱ्या सभागृहात. तेथे दुरुस्त्या झाल्या तर दोन्ही सभागृहांचे प्रतिनिधी परिषदेत भेटत. शेवटी राजाची संमती, आणि तीही जुन्या नॉर्मन फ्रेंच भाषेत. सार्वजनिक विधेयकाला ‘ल रॉय ल व्हल्ट’, म्हणजे राजाची तशी इच्छा आहे. नकार द्यायचा तर ‘ल रॉय साव्हिसेरा’, म्हणजे राजा विचार करील. राजा ‘विचार करील’ म्हणाला की विधेयक मेले, हे सर्वांना ठाऊक असे.

या सगळ्या यात्रेवर एकच तलवार टांगलेली असे: काळाची. राजाने अधिवेशनाची समाप्ती केली की त्या क्षणी अपुरे राहिलेले प्रत्येक विधेयक रद्द होई. पुढच्या अधिवेशनात पुन्हा पहिल्या वाचनापासून श्रीगणेशा. अधिवेशन कधी भरवायचे, कधी संपवायचे आणि संसद कधी विसर्जित करायची, हे तिन्ही अधिकार राजाचे. दुसऱ्या चार्ल्सने या अधिकाराचा वापर फार कौशल्याने केला. नोव्हेंबर १६७५ मध्ये संपवलेली संसद त्याने फेब्रुवारी १६७७ पर्यंत भरवलीच नाही. थेट नकार देऊन वाईटपणा घेण्याची त्याला सहसा गरज पडत नसे. घड्याळ त्याच्या हातात होते.

आपल्या भावाला, म्हणजे कॅथलिक झालेल्या जेम्सला, वारसाहक्कातून वगळण्याच्या विधेयकाचे काय झाले ते पाहा. १६७९ मध्ये संसद आधी स्थगित आणि मग विसर्जित झाली, विधेयक बुडाले. १६८० मध्ये ते कॉमन्समध्ये संमत झाले, पण १५ नोव्हेंबरला लॉर्ड्सनी फेटाळले. मार्च १६८१ मध्ये ऑक्सफर्डला भरलेली संसद एका आठवड्यात विसर्जित झाली, विधेयक तिसऱ्यांदा बुडाले. तीन प्रयत्नांत राजाला एकदाही ‘विचार करतो’ म्हणावे लागले नाही.

३

याच काळातली एक घटना पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते, पण माझ्या मते ती फार बोलकी आहे. एलिझाबेथच्या कारकीर्दीत १५९३ साली झालेला एक कठोर कायदा होता. राज्याच्या चर्चमध्ये न जाणाऱ्या प्रोटेस्टंटांना त्याच्या आधारे तुरुंग आणि देशत्यागापर्यंतची शिक्षा होऊ शके. तो रद्द करणारे विधेयक १६८० च्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी संमत केले. १० जानेवारी १६८१ रोजी चार्ल्स अधिवेशन संपवायला आला, तेव्हा संमतीसाठी ठेवलेल्या विधेयकांच्या गठ्ठ्यात हे विधेयक नव्हतेच. राजाच्या आज्ञेने ते बाजूला काढून ठेवले गेले होते. संमती नाही आणि नकारही नाही. कागद टेबलावर आलाच नाही, एवढेच. ऑक्सफर्डच्या संसदेत कॉमन्सनी या ‘हरवलेल्या’ विधेयकाची चौकशी आरंभली, तोवर ती संसदच संपली.

आता याच्याशेजारी हेबिअस कॉर्पसची कथा ठेवू. ती सर्वांना आवडते, कारण ती गमतीची आहे. सांगणारा आहे बिशप गिल्बर्ट बर्नेट. १६७९ मध्ये लॉर्ड्समध्ये मतमोजणी चालू होती. लॉर्ड ग्रे आणि लॉर्ड नॉरिस हे मोजणीदार. एक फारच लठ्ठ उमराव समोरून गेला, तेव्हा ग्रेने विनोदाने त्याला दहा मोजले. नॉरिस आपल्याच तंद्रीत होता, त्याच्या ते लक्षात आले नाही. ग्रेने दहाचा आकडा तसाच पुढे रेटला आणि मत जिंकले.

ही गोष्ट खरी मानावी काय? नोंदवहीत त्या दिवशी, २७ मे १६७९ रोजी, १०७ उमराव हजर असल्याची नोंद आहे. लेखनिकाच्या टिपणवहीत मतांचा आकडा ५७ विरुद्ध ५५ असा आहे. बेरीज ११२. पाच माणसे जास्त! बर्नेटला पाठिंबा मिळाला असे वाटते. पण येथे थांबायला हवे. उशिरा आलेल्या उमरावांची नावे हजेरीत नेहमीच चढत असत असे नाही, म्हणून हजेरी आणि मते यांत तफावत पडणे एवढ्यावरून लबाडी सिद्ध होत नाही. बर्नेट तेव्हा लॉर्ड्सचा सभासद नव्हता. तो बिशप झाला १६८९ मध्ये. त्याचा इतिहास छापला गेला त्याच्या मृत्यूनंतर, १७२४ मध्ये. शिवाय गोष्ट खरी धरली तरी लठ्ठ उमरावाचे दहा मोजल्याने नऊ मते वाढायला हवीत, आणि तफावत आहे पाचाची. किस्सा आणि आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

माझा आक्षेप किश्शाच्या खरेखोटेपणापेक्षा त्याच्या परिणामावर आहे. या किश्शामुळे कायद्याचे श्रेय योगायोगाला जाते. प्रत्यक्षात १६७९ च्या आधी त्याच उद्देशाची विधेयके १६६८ पासून पुनःपुन्हा मांडली गेली आणि पुनःपुन्हा बुडाली. दरम्यानच्या काळात तक्रारी ठोस होत गेल्या. क्लॅरेंडनवर १६६७ मध्ये ठेवलेल्या आरोपांत कैद्यांना कायद्याच्या आवाक्याबाहेरच्या बेटांवर पाठवल्याचा आरोप होता. १६७६ मध्ये फ्रान्सिस जेंक्स या लंडनच्या व्यापाऱ्याला एका भाषणाबद्दल तुरुंगात टाकले आणि न्यायालये सुटीत आहेत या सबबीवर त्याची सुटका टाळली गेली. १६७९ च्या कायद्यात या दोन्ही तक्रारींची उत्तरे आहेत. न्यायालयाच्या सुटीतही अर्ज करता येईल, कैद्याला समुद्रापार पाठवता येणार नाही, आणि टाळाटाळ करणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याला दंड होईल. हा मजकूर पूर्वीच्या बुडालेल्या विधेयकांत घडत गेला होता.

आणि त्या दिवशी मत नेमके कशावर झाले? कायद्याच्या तत्त्वावर नव्हे. कॉमन्सबरोबर आणखी एक परिषद घ्यावी की नाही, एवढाच प्रश्न होता. लॉर्ड्सच्या दुरुस्त्यांवर मतभेद उरले होते आणि त्याच दिवशी राजा अधिवेशन संपवायला येणार होता. परिषद नाकारली गेली असती तर विधेयक सूर्यास्तापूर्वी मेले असते. ती झाली, लॉर्ड्स नमले आणि राजाने संमती दिली. एकीकडे दोन्ही सभागृहांनी संमत केलेले विधेयक गठ्ठ्यातून नाहीसे होते, दुसरीकडे दोन मतांच्या फरकाने एक विधेयक दिवसाच्या आत पार पडते. चिकाटीने लिहिलेला मजकूर आणि रीतीत अचानक सापडलेली वाट, दोन्ही एकत्र आले तेव्हाच कायदा झाला.

४

१६८८ नंतर घड्याळ राजाच्या हातून हळूहळू सुटले. कारण होते पैसा. तिसरा विल्यम फ्रान्सशी युद्धात उतरला आणि युद्धाला दरवर्षी नवा कर लागे. १६८९ पासून संसद दरवर्षी भरू लागली ती आजतागायत. संसद वारंवार भरते म्हटल्यावर बुडालेले विधेयक पुढच्या वर्षी पुन्हा आणता येई. चार्ल्सच्या काळात अशी खात्री नव्हती.

घड्याळ गेले तसा विल्यमला नकाराधिकार उघडपणे वापरावा लागला. त्याने पाच सार्वजनिक विधेयके नाकारली. मार्च १६९३ मध्ये त्रैवार्षिक संसदेचे विधेयक नाकारले आणि डिसेंबर १६९४ मध्ये जवळपास त्याच विधेयकाला संमती दिली. जानेवारी १६९४ मध्ये सरकारी नोकरदारांना कॉमन्समध्ये बसू न देणारे विधेयक नाकारले, तेव्हा कॉमन्स खवळले. राजाकडे निवेदन गेले, गोड शब्दांत काहीच कबूल न करणारे उत्तर आले आणि प्रकरण निवळले. पण मागणी मेली नाही. ती १७०१ च्या कायद्यात कलम म्हणून आली आणि पुढे सौम्य होऊन टिकली. आपल्या राज्यघटनेतली ‘लाभाचे पद’ ही अपात्रता त्याच वंशातली. शेवटचा नकार राणी ॲनचा, ११ मार्च १७०८ रोजी, स्कॉटलंडच्या मिलिशिया विधेयकाला. फ्रेंच जहाजे स्कॉटलंडकडे निघाल्याची बातमी आलेली, अशा वेळी तेथील लोकांच्या हाती शस्त्रे देणे मंत्र्यांनाच नको होते. म्हणजे हा नकार राणीच्या लहरीचा नव्हता, मंत्र्यांच्या सल्ल्याचा होता.

विधेयकाला किंमतही असे, अगदी शब्दशः. खासगी विधेयकांवर सभापती आणि लेखनिक यांना शुल्क मिळे. त्यापलीकडची किंमत मार्च १६९५ मध्ये उघड झाली. लंडन शहराच्या अनाथनिधीचे विधेयक पार पडावे म्हणून कॉमन्सचा सभापती सर जॉन ट्रेव्हर याने शहराकडून एक हजार गिनी घेतल्याचे निघाले. आपल्याच गुन्ह्याचा ठराव त्याला आपल्याच तोंडाने सभागृहापुढे मताला टाकावा लागला. पुढे त्याची हकालपट्टी झाली.

५

पैसा हेच शस्त्र असल्यावर ते दोन्ही बाजूंनी चालते. लॉर्ड्सनी साखरेवरच्या जकातीत बदल केला म्हणून एप्रिल १६७१ मध्ये कॉमन्सनी ठराव केला की कराचा दर लॉर्ड्सनी बदलू नये. जुलै १६७८ मध्ये आणखी पुढे जाऊन ठरवले की राजाला दिलेले सर्व अनुदान ही केवळ कॉमन्सची देणगी, अशी विधेयके कॉमन्समध्येच सुरू व्हावीत आणि लॉर्ड्सनी त्यांना हात लावू नये. तत्त्व म्हणून हे ठीकच. पण यातून एक युक्ती निघाली. जे विधेयक लॉर्ड्स फेटाळतील ते करविधेयकाला जोडून द्यायचे. लॉर्ड्सना दुरुस्तीचा अधिकार नाही, आणि अख्खे विधेयक फेटाळावे तर सैन्याचा पगार थांबतो. इंग्रजीत याला ‘टॅकिंग’ म्हणत. आपल्या शिंप्याचा शब्द नेमका बसतो: टाचणे.

एप्रिल १७०० मध्ये आयर्लंडमधील जप्त जमिनींच्या देणग्या काढून घेण्याचे विधेयक जमीनकराला टाचले गेले. या जमिनी विल्यमने आपल्या मर्जीतल्या लोकांना दिल्या होत्या. लॉर्ड्स चिडले, पण अखेर राजानेच त्यांना माघार घ्यायला लावली. डिसेंबर १७०२ मध्ये लॉर्ड्सनी ठराव करून टाचण्याची प्रथा संसदीय रीतीविरुद्ध ठरवली.

खरी कसोटी लागली २८ नोव्हेंबर १७०४ रोजी. पदासाठी केवळ प्रसंगापुरते राज्याच्या चर्चमध्ये जाणाऱ्या असहमत पंथीयांना वठणीवर आणणारे विधेयक टोरींना हवे होते. दोनदा ते लॉर्ड्समध्ये अडले होते. आता ते जमीनकराला टाचावे असा प्रस्ताव आला. कॉमन्समध्येच तो २५१ विरुद्ध १३४ मतांनी पडला. त्या विधेयकाच्या बाजूचे अनेक टोरीही टाचण्याच्या विरोधात गेले. मार्लबरो युरोपात लढत होता, ब्लेनहाइमचा विजय ताजा होता आणि त्याच्या सैन्याचा पैसा पणाला लावायला ते तयार नव्हते. हेतू मान्य असूनही साधन अमान्य करणारे हे मत मला त्या सगळ्या काळातले सर्वांत प्रौढ मत वाटते. त्यातल्या कोणाचा पुतळा पाठ्यपुस्तकात नाही.

आपल्या घटनेच्या अनुच्छेद ११० मध्ये धनविधेयकाच्या व्याख्येत ‘केवळ’ हा शब्द आहे. अमुक विषयांशी केवळ संबंधित असेल तरच ते धनविधेयक. त्या एका शब्दामागे टाचण्याचा हा इतिहास उभा आहे. २०१६ मध्ये आधारचा कायदा धनविधेयक म्हणून संमत झाला, तेव्हा राज्यसभेचा अधिकार डावलला गेला की नाही यावर वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बहुमताने तो मार्ग ग्राह्य धरला आणि एका न्यायमूर्तींनी असहमती नोंदवली. वादाची भाषा एकविसाव्या शतकाची होती, शंका मात्र १७०४ चीच होती.

६

मेकॉलेचा उल्लेख आरंभी टीकेच्या सुरात केला, तेव्हा त्याच्या बाजूने एक गोष्ट सांगणे भाग आहे. १६९५ मध्ये मुद्रणावरील पूर्वपरवान्याचा कायदा संपला, त्याचे वर्णन करताना त्यानेच दाखवून दिले की कॉमन्सनी दिलेल्या कारणांत विचारस्वातंत्र्याचा शब्दही नाही. घडले असे की मुदत संपत आलेल्या कायद्यांची एक यादी तयार झाली. कॉमन्सनी तीतून मुद्रणकायदा वगळला, लॉर्ड्सनी तो परत घातला. कॉमन्सनी एडवर्ड क्लार्क या सभासदाकरवी अठरा कारणे लॉर्ड्सकडे पाठवली. क्लार्कचा स्नेही जॉन लॉक याचा या मजकुराशी जवळचा संबंध होता. कारणे कसली? स्टेशनर्स कंपनीची मक्तेदारी, बंदरात अडकून पडणारी पुस्तकांची पेटारे, घरझडतीचा जाच, मोघम दंड. लॉर्ड्स नमले. त्याऐवजी आणायचे ठरलेले दुसरे विधेयक अधिवेशनाबरोबर बुडाले. एका यादीतून एक ओळ गळली आणि इंग्लंडमध्ये छापखाने मोकळे झाले.

मेकॉलेला हे दिसले. पण त्याने त्याचा अर्थ असा लावला की प्रगती नकळतही होते. माझे म्हणणे वेगळे आहे. पुढच्या वर्षांत परवान्याचा कायदा परत आणण्याचे प्रयत्न झाले आणि तेही बुडाले. ज्या रीतीने सुधारणा बुडवल्या, त्याच रीतीने दडपशाहीही बुडवली. रीत कोणाच्याच बाजूची नव्हती. ती सर्वांनाच उशीर करायला लावत होती, आणि उशिरात बोलायला जागा मिळत होती.

७

ही जागा सर्वांना मिळत होती का? येथे आपला संबंध येतो.

मुंबई बेट चार्ल्सने २७ मार्च १६६८ च्या सनदेने ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड खंडाने दिले. हे काम संसदेच्या कायद्याने झाले नाही, राजाच्या सनदेने झाले. ती सनद कोणत्याही सभागृहात तीन वेळा वाचली गेली नाही. जानेवारी १६९४ मध्ये कॉमन्सनी ठराव केला की संसदेच्या कायद्याने मनाई नसेल तर पूर्वेशी व्यापार करण्याचा हक्क सर्व इंग्रजांना आहे. म्हणजे प्रश्न मक्तेदारी राजाची की संसदेची, एवढाच होता. १६९८ मध्ये वीस लाख पौंडांच्या कर्जाच्या बदल्यात संसदेने नव्या कंपनीचा मार्ग मोकळा केला.

त्याच सुमारास चिटाचा प्रश्न पेटला. भारतातून जाणारे रंगीत, छापील सुती कापड इंग्लंडमध्ये घरोघरी गेले होते आणि तेथील लोकर व रेशीम विणणाऱ्यांचे पोट त्यावर मारले जात होते. १६९६ मध्ये बंदीचे विधेयक कॉमन्समध्ये पार पडले आणि लॉर्ड्समध्ये बुडाले. १६९७ च्या आरंभी लंडनच्या विणकरांनी, त्यांच्या बायकांनीही, संसदेला गराडा घातला. कंपनीच्या कचेरीवर हल्ला झाला. ते विधेयकही दोन्ही सभागृहांच्या वादात बुडाले. अखेर १७०० मध्ये कायदा झाला. गरिबांना काम मिळावे म्हणून देशी उद्योगांना उत्तेजन देण्याचा कायदा, असे त्याचे नाव. २९ सप्टेंबर १७०१ पासून पूर्वेकडचे रेशीम आणि रंगीत-छापील सुती कापड इंग्लंडमध्ये वापरण्यास बंदी आली. परदेशी पुन्हा निर्यात करण्यास मात्र मुभा राहिली. पांढरे कापड येत राहिले, त्यावर लंडनमध्येच छपाई होऊ लागली आणि १७२१ मध्ये आणखी कडक कायदा करावा लागला.

पी. जे. थॉमस या भारतीय अभ्यासकाने १९२६ मध्ये या प्रकरणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो आजही वाचण्याजोगा आहे. या विधेयकावर कँटरबरी आणि लंडनचे विणकर बोलले, कंपनीचे व्यापारी बोलले, कापड विकणारे दुकानदार बोलले. अर्ज आले, साक्षी झाल्या, पत्रके निघाली. तीन वेळा मांडणी झाली, त्यामुळे प्रत्येकाला तयारीला वेळ मिळाला. ज्यांनी ते कापड विणले आणि रंगवले, त्या गुजरातच्या, कोरोमंडलच्या, बंगालच्या कारागिरांचा एकही अर्ज त्या टेबलावर नव्हता. असू शकतच नव्हता. त्या दारापर्यंत त्यांची वाट नव्हती.

उत्तर स्टुअर्टकालीन संसदेचा हिशेब मांडायचा तर या दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहाव्या लागतात. तीन वाचने, परिषदा, दुरुस्त्या, बुडालेली विधेयके ही केवळ कंटाळवाणी रीत नव्हती. त्या रीतीमुळेच जेंक्ससारख्या कैद्याची तक्रार एक दिवस कायद्याचे कलम झाली. पण ज्याला आत बोलावले जाते त्याचेच रक्षण ती रीत करते. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला तिचा उशीरही वाचवत नाही. मोजणीच्या वेळी लठ्ठ उमरावाचे दहा झाले की नाही, हे आता कोणी सांगू शकत नाही. सुरतेच्या छिप्याचा एकही मोजला गेला नाही, याबद्दल मात्र शंका नाही.